रोग्याच्या नावाचा रोग

वैद्यकातल्या कितीतरी रोगांना डॉक्टरांची नावे आहेत. पार्किन्सन, अल्झायमर, हॉजकिन हे सगळे डॉक्टर. त्यांनी रोगाचे वर्णन केले आणि रोगाला त्यांचे नाव कायमचे चिकटले. रोग्याचेच नाव रोगाला मिळाले अशी उदाहरणे फार थोडी, आणि त्यातले सर्वांत प्रसिद्ध अमेरिकेतले आहे. पुस्तकात ज्याला ‘अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस’ असे जिभेला वळसे घालणारे नाव आहे, त्या रोगाला तिथला सामान्य माणूस ‘लू गेरिगचा रोग’ म्हणतो. फ्रान्समध्ये त्याला शार्कोचा रोग म्हणतात, कारण पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. आपल्याकडे डॉक्टर मंडळी ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ म्हणतात आणि घरची माणसे ‘हातपाय वाळायचा रोग’.

लू गेरिग हा बेसबॉलचा खेळाडू होता. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ समजा. एकजण चेंडू फेकतो, दुसरा गोल बॅटने तो टोलवतो, आणि मैदानातल्या चार तळांना शिवून परत आला की धाव मिळते. चेंडू हवेतून कुंपणापलीकडे गेला तर ‘होम रन’, म्हणजे आपला षटकारच. फरक एवढाच, की त्या काळी एका मोसमात १५४ सामने असत. जवळजवळ रोज एक. आपले खेळाडू दमल्याच्या तक्रारी करतात तेव्हा मला हा आकडा आठवतो.

गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईबाप जर्मनीतून पोट भरायला आलेले. चार मुलांपैकी हे एकच जगले. आई लोकांकडे स्वयंपाक करी, धुणी धुई. कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती आणि पुढे मुलगा त्याच विद्यापीठात शिकला. १९२३ मध्ये त्याला ‘न्यूयॉर्क यांकीज’ या संघाने घेतले. १ जून १९२५ रोजी तो बदली म्हणून मैदानात उतरला, दुसऱ्या दिवसापासून पहिल्या तळावरची जागा त्याची झाली आणि त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षे त्याने एकही सामना चुकवला नाही. सलग २,१३० सामने! १९३४ मध्ये डोक्याला चेंडू लागून तो बेशुद्ध पडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला हजर. त्याच वर्षी कमरेत उसण भरली, तेव्हा सुरुवातीला एकदा बॅट हातात धरून मग तो आत गेला, पण सामना मोडू दिला नाही. (डॉक्टर म्हणून या गोष्टीचे कौतुक करावे की नाही, हा प्रश्नच आहे.) लोक त्याला ‘लोखंडी घोडा’ म्हणत. एकूण ४९३ होम रन त्याच्या नावावर आहेत. सलग सामन्यांचा त्याचा विक्रम छप्पन्न वर्षे टिकला, तो १९९५ मध्ये कॅल रिपकेनने मोडला.

चेंडू बॅटला लागतो, पण जात नाही

१९३८ च्या मोसमात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, गेरिग अर्ध्यातच दमल्यासारखा वाटू लागला. आकडे वाईट नव्हते, पण त्याच्या मानाने उतरलेले होते. चालताना ठेच लागे, बर्फावर स्केटिंग करताना तो पडे. हिवाळ्यात डॉक्टरांनी पित्ताशयाचे दुखणे ठरवून पथ्याचे जेवण दिले. १९३९ च्या वसंतात सराव सुरू झाला तेव्हा एका क्रीडा पत्रकाराच्या एक गोष्ट लक्षात आली. गेरिगची नजर चुकत नव्हती, वेळ साधत होता, चेंडू बॅटच्या मधोमध लागत होता. पण लागूनही तो लांब जात नव्हता.

हे निरीक्षण एखाद्या निष्णात वैद्याला शोभावे असे आहे. म्हातारपणाकडे झुकलेला खेळाडू आधी वेळ चुकतो, चेंडू उशिरा दिसतो. इथे डोळा आणि मेंदूचा हिशेब ठीक होता, फक्त स्नायूंत जोर उरला नव्हता. दुखत नव्हते, बधिरपणा नव्हता, ताप नव्हता. जोर तेवढा जात होता.

त्या मोसमातले आठ सामने तो खेळला. अठ्ठावीस वेळा बॅट धरली, त्यात चारच फटके साधले. एका सामन्यात त्याने अगदी साधी, रोजची गोष्ट केली, वेळेवर तळावर पोचून चेंडू घेतला, आणि सहकारी धावत येऊन ‘वा, छान!’ म्हणू लागले. त्यालाच उमगले, की साध्या गोष्टीचे कौतुक होऊ लागले म्हणजे आपले काही खरे नाही. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइटला तो व्यवस्थापकाकडे गेला आणि म्हणाला, आज मला बसवा. कर्णधार होता, म्हणून खेळाडूंची यादी पंचांच्या हाती द्यायला तोच गेला. यादीत त्याचे नाव नव्हते.

जूनमध्ये तो रॉचेस्टरच्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये गेला. तिथे त्याला प्रथम पाहणाऱ्या डॉक्टर हेबीन यांनी बघताक्षणीच रोग ओळखला असे सांगतात, कारण त्यांची स्वतःची आई याच रोगाने गेली होती. सहा दिवस तपासण्या झाल्या आणि १९ जूनला निदान सांगण्यात आले. त्या दिवशी त्याचा छत्तिसावा वाढदिवस होता.

शरीरात काय बिघडते

हात उचलायचा हुकूम मेंदूतून निघतो. मेंदूतली एक चेतापेशी तो मज्जारज्जूपर्यंत आणते, तिथे दुसरी पेशी तो हाती घेऊन स्नायूपर्यंत पोचवते. तालुक्याहून आलेला कागद तलाठ्याने गावात फिरवावा तसे. या रोगात हुकूम पोचवणाऱ्या या दोन्ही पातळ्यांवरच्या पेशी एकेक करून मरत जातात. खालची पेशी मेली की तिच्या ताब्यातला स्नायू वाळतो आणि वाळताना कातडीखाली फडफडतो. वरची मेली की अंग ताठते. एकाच हातात वाळणे आणि ताठणे दोन्ही दिसू लागले की डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकते.

स्पर्श, थंड-गरम, दुखणे कळवणाऱ्या नसा वेगळ्या असतात, त्या शाबूत राहतात. दिसणे, ऐकणे शाबूत राहते. डोळ्यांची हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा बहुधा शेवटपर्यंत टिकतो. बहुतेकांची बुद्धी आणि स्मृतीही चांगली राहते. काहींच्या स्वभावात, विचारात फरक पडतो आणि थोड्या रुग्णांना खरोखरीचा स्मृतिभ्रंश होतो, हे अलीकडच्या काळात जास्त स्पष्ट झाले आहे. पण अंथरुणावर निपचित पडलेला, बोलू न शकणारा माणूस सगळे ऐकत असतो आणि त्याला सगळे कळत असते, असे धरूनच त्याच्या खोलीत बोलावे.

सुरुवात बहुधा एका बाजूने होते. अडकित्त्याने सुपारी कातरता येईना, कुलपात किल्ली फिरेना, सदऱ्याचे बटण लागेना. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत जातो. पायापासून सुरू झाले तर पाऊल लोंबते आणि चप्पल निसटते. पण निसटल्याचे कळते. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात चप्पल निसटल्याचे कळतच नाही. एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो. काहींना सुरुवात जिभेपासून होते. बोलणे जड, ओढल्यासारखे होते, आणि आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहू लागतात.

एवढे वाचून उद्या सकाळी दवाखान्यापुढे रांग लागू नये म्हणून सांगतो. हा रोग विरळा आहे. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा. माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच आले. नुसता डोळा लवणे, चहा जास्त झाल्यावर किंवा जागरणाने पोटरी फडफडणे म्हणजे हा रोग नव्हे. जोर कमी झालेला नसेल आणि स्नायू वाळलेला नसेल तर नुसत्या फडफडण्याला भिऊ नये.

आणि हात वाळला म्हणजे हाच रोग, असेही नाही. आपल्या भागात करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आखडलेले दिसले तर मी आधी कोपरामागची नस चाचपतो. ती जाड लागली आणि बोटे बधिर असली तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी, आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला तरी हात वाळतात आणि पाय ताठतात. तिथे वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर पुढचे नुकसान थांबते. पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांत एकच हात कोपराखाली वाळतो, थंडीत जास्त लुळा पडतो आणि काही वर्षांनी वाळणे आपोआप थांबते, असा एक प्रकार आहे. जपानच्या हिरायामा यांनी तो १९५९ मध्ये सांगितला आणि तो भारतातही दिसतो. अशा मुलाच्या आईबापांना कोणी घाईने ‘मोटर न्यूरॉन’ म्हणून घाबरवले तर ते वाईटच. म्हणून न्यूरॉलॉजिस्टने तपासावे, नसा-स्नायूंची ई.एम.जी. तपासणी आणि मानेचा एम.आर.आय. करावा, आणि बरे होण्याजोगे बाकीचे सगळे रोग बाजूला सारून मगच हे नाव उच्चारावे.

सौम्य शब्दाची किंमत

मेयो क्लिनिकने गेरिगच्या हाती जे पत्रक दिले त्यात रोगाचे पूर्ण नाव होते आणि पुढे लोकांना समजावे म्हणून लिहिले होते, की सामान्य भाषेत हा एक प्रकारचा जुनाट पोलिओ आहे. शब्द मुद्दाम निवडला असेल असे मला वाटते. पोलिओ तेव्हा सगळ्यांना ठाऊक होता. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९२१ पासून पायाने अधू झाले होते ते पोलिओने, असेच सर्व जण समजत, आणि तरी ते देश चालवत होते. मग एका खेळाडूने का घाबरावे?

गेरिगने पत्नी एलिनॉरला तिथूनच पत्र लिहिले. त्याला डॉक्टरांकडून जे कळले ते असे, की रोगाला औषध नाही, पण तो आहे तिथेच थोपवण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, आणि दहा-पंधरा वर्षांनी कदाचित काठी घ्यावी लागेल. प्रत्यक्षात त्याच्याकडे दोन वर्षेही नव्हती.

त्या पोलिओ शब्दाने पुढे काय केले पाहा. १९४० मध्ये यांकीज संघ हरू लागला. न्यूयॉर्कच्या एका दैनिकात छापून आले, की गेरिगचा पोलिओ संघातल्या इतरांना लागला असावा. ज्या मित्रांबरोबर तो रोज कपडे बदलत होता, एका टेबलावर जेवत होता, त्यांना त्याने रोग दिला असा आरोप एका मरणाच्या दारातल्या माणसावर आला. त्याने त्या वर्तमानपत्रावर दहा लाख डॉलरचा दावा लावला. वर्तमानपत्राने माफी मागितली आणि प्रकरण मिटले. हा रोग कोणाचा कोणाला लागत नाही, तेव्हाही लागत नव्हता. ताटात जेवून नाही, कपड्यांतून नाही, शेजारी झोपून नाही. शंभरातले पाच ते दहा रुग्ण तेवढे असे असतात, की ज्यांच्या घराण्यात तो चालत आलेला असतो.

आमच्याकडेही हेच शब्द फिरतात. ‘नस दबली आहे’, ‘जुना वात आहे’, ‘थोडा लकवा आहे, मालिश करा’. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण लकवा म्हटले की घरचे म्हणतात, लकव्याचा माणूस हळूहळू सुधारतो, हा का सुधारत नाही? मग औषध बदला, वैद्य बदला, देवस्थान बदला, शेवटी जमीन विका.

तेव्हाचे उपचार आणि आजचे

गेरिगला ‘इ’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देत होते. उपयोग झाला नाही. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे हातात काहीच नव्हते. १९९५ मध्ये अमेरिकेत रिलुझोल या गोळीला मान्यता मिळाली. तिने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी लांबते. इडारावोन हे शिरेतून द्यायचे औषध जपानमध्ये २०१५ ला आणि अमेरिकेत २०१७ ला आले. त्याचा फायदा काही निवडक रुग्णांपुरता दिसला आहे. ही दोन्ही औषधे आपल्याकडे मिळतात. रोगाशी संबंध असलेले पहिले जनुक १९९३ मध्ये सापडले, आणि त्याच जनुकातला दोष असलेल्या थोड्या रुग्णांसाठी टोफरसेन या औषधाला अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता दिली. बहुसंख्य रुग्णांना मात्र ते लागू नाही.

मूळपेशींच्या म्हणजे स्टेम सेलच्या इंजेक्शनांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या रोगासाठी ती उपचार म्हणून मान्य केलेली नाहीत. रीतसर संशोधनात भाग घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. हे वाक्य कापून ठेवले तरी चालेल.

औषधांपेक्षा जास्त दिवस मिळतात ते श्वासाची आणि जेवणाची काळजी घेतल्याने. बहुतेक रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षांत जातात, ते श्वासाचे स्नायू थकल्यामुळे. दहातला एखादा दहा वर्षांपुढे जातो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी निदान सांगितले होते. ते २०१८ पर्यंत जगले. पण हा अपवाद आहे, त्याचा हिशेब धरून चालता येत नाही.

सकाळी उठल्यावर डोके दुखते, रात्री झोप तुटते, आडवे पडले की गुदमरते, दिवसा पेंग येते, या श्वास कमी पडल्याच्या खुणा आहेत. अशा वेळी नाकातोंडावर बसवायचे श्वासयंत्र रात्री लावले तर झोप सुधारते आणि ज्यांना गिळता येते अशांचे आयुष्यही लांबते. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी परस्पर देऊ नये. घरी नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर आणून लावू नये. तो घातकही ठरू शकतो, कारण इथे कमी पडतो तो छातीचा भाता.

जेवणात सर्वांत जास्त ठसका लावते ते पाणी आणि चहा. घट्ट वरण, खिमट, मऊ शिजवलेली खीर सोपी जाते. पातळ आमटीत शिते तरंगत असलेला भात अवघड. ताठ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, लहान घास द्यावा आणि घास तोंडात असताना बोलायला लावू नये. वजन घटू लागले तर पोटातून अन्ननळी बसवण्याचा विचार श्वास चांगला आहे तोवरच करावा. सांधे आखडू नयेत म्हणून हलका व्यायाम द्यावा. ताकद परत आणायची म्हणून दमेपर्यंत राबवून घेऊ नये.

‘त्यांना सांगू नका’

४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर एकसष्ट हजारांवर लोक गेरिगला निरोप द्यायला जमले. भेटीदाखल आलेली चषके त्याला हातात धरवेनात, म्हणून तो ती जमिनीवर ठेवत होता. मग तो बोलला, की मी स्वतःला या जगातला सर्वांत नशीबवान माणूस समजतो. हे भाषण अमेरिकेत फार गाजले. मला त्यापेक्षा त्यानंतरची दोन वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्याला कैद्यांच्या सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळावर काम दिले. जानेवारी १९४० पासून तो कचेरीत जाऊन कागद वाची, कैद्यांशी बोले. हात चालेनासा झाला तेव्हा पत्नी त्याचा हात धरून सही करवून घेई. मृत्यूच्या महिनाभर आधीपर्यंत त्याने हे काम केले. २ जून १९४१ रोजी, अडतीस पूर्ण व्हायला सतरा दिवस असताना, तो घरी गेला.

आपल्याकडे निदान झाले की मुलगा किंवा जावई बाजूला येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, आप्पांना यातलं काही सांगू नका, ते खचतील.’ त्याची माया मला समजते. पण हा रोग असा आहे, की आधी सही जाते, मग आवाज जातो, आणि समज मात्र राहते. सातबाऱ्यावर कोणाची नावे लावायची, बँकेतली खाती कोणाबरोबर जोडायची, धाकटीच्या लग्नाचे काय, हे आप्पांनी हात चालतो तोवर ठरवायचे असते. नळी आणि कायमचे श्वासयंत्र हवे की नको, हेही त्यांनीच बोलता येते तोवर सांगायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

सगळे एका दिवसात सांगावे लागत नाही. ‘तुम्हाला काय झाले असावे असे वाटते?’ एवढे विचारले, की बहुतेक वेळा आप्पांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि किती ऐकायचे आहे तेही तेच सांगतात. म्हणून अशा रुग्णाची फाइल घेऊन नुसते मुलांनी माझ्याकडे येऊ नये. रिक्षाने का होईना, रुग्णाला बरोबर आणावे, आणि तो आत आल्यावर खुर्ची त्याला माझ्या समोरची द्यावी.